पाऊण तासाची भरती

माझ्या घरात कॉम्प्युटर का आला, असं कुणी विचारलं तर मी अजूनही दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे बोट दाखवतो. गडग्यापलीकडे मुसाभाई होडेकरांचं घर. त्यांचा मुलगा अक्रम आखातात दोह्याला नोकरीला. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन यायचा आणि मरियमभाभी तो अशा आवाजात घ्यायच्या की फोन नसता तरी चाललं असतं. अक्रमचा पहिला प्रश्न ठरलेला. तब्येत नाही, पाऊस नाही. "अम्मा, पाणी किती आलंय?"

लहानपणापासून त्याच्या खिडकीतून खाडी दिसायची. तर मरियमभाभी फोन बाजूला ठेवून मागच्या दारी जाणार, खाडीकडे बघणार, परत येऊन सांगणार, "तिसऱ्या पायरीला लागलंय रे." निम्मा फोन यातच जायचा. उरलेल्या निम्म्यात रडणं.

मी त्या सुमारास, म्हणजे दोन हजार तीन साली, मारुती मंदिराकडच्या एका क्लासात वेब प्रोग्रामिंग शिकत होतो. वय पन्नास. बांधकाम खात्यात कारकून. वर्गातली मुलं मला सर म्हणायची आणि सर मला काका म्हणायचे. असा माणूस शिकलेलं कुठेतरी लावायला टपलेलाच असतो. एका शुक्रवारी गडग्यावरून मान काढून मी म्हटलं, "भाभी, अक्रमला तिथे बसल्याबसल्या रत्नागिरीचं पाणी दिसेल अशी सोय करतो."

मरियमभाभी म्हणाल्या, "करा भाऊ. अल्ला तुमचं भलं करो." त्यांचा विश्वास एकदा बसला की उठत नाही, आणि पुढचं सगळं त्याच विश्वासामुळे घडलं.

आमच्याकडे भरतीचा हिशेब शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करायची. चौथ असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. षष्ठीला साडेचार. वद्यातही तसंच. आता क्लासात शिकवलेल्या जावास्क्रिप्ट भाषेत तारखेची म्हणून एक वस्तू असते. तिला वर्ष सांगा, महिना सांगा, तास सांगा, ती मुकाट्याने लावून घेते. तास लावायला सेटअवर्स नावाचं फंक्शन. पंचांगातून वर्षभराच्या तिथ्या टाइप करायच्या, प्रत्येक तिथीला पाऊणने गुणायचं आणि आलेलं उत्तर सेटअवर्सच्या हवाली करायचं. पाच ओळींचं काम. तुळसाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी म्हटलं, "रविवारी दुपारपर्यंत होईल."

तिने कोणत्या रविवारी, असं विचारलं नाही, एवढं तिचं चांगुलपण.

पहिला घोटाळा महिन्यांचा. त्या भाषेत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी हा शून्यावा महिना. हे पुस्तकात पान पंधरावर होतं आणि मी पान सोळापासून वाचायला सुरुवात केली होती, कारण पंधरापर्यंत प्रस्तावना असेल असा माझा समज. परिणामी माझ्या पानावर गणपती महिनाभर उशिरा आले. शेजारच्या सोनूबाईंनी ते बघितलं. सोनूबाई म्हणजे आमच्या आळीचं चालतं पंचांग. कुणाच्या घरी श्राद्ध कधी, हे त्या घरच्यांच्या आधी त्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या, "आत्माराम, तुझ्या डब्यात गणपती उशिरा येतात ते एक वेळ चालेल, पण मोदक मी महिनाभर ठेवायचे कुठे?"

महिना दुरुस्त केला तर वर्ष बिघडलं. घरी नीट दिसायचं, पण सायबर कॅफेत पान उघडलं की सन एकोणीस हजार एकशे तीन. मुसाभाईंनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "भाऊ, अक्रम तोवर नाय थांबायचा तिकडे."

आणखी एक खोड होती त्या वस्तूत. तिला एकतीस फेब्रुवारी सांगा. माणूस असता तर म्हणाला असता, काय राव, शुद्धीवर आहात का. ही बया काही बोलत नाही. तीन दिवस जास्तीचे झाले ना, मग ते मार्चच्या अंगावर घालते आणि तीन मार्च म्हणून मोकळी होते. मला याचा फार संताप यायचा. माझी चूक झाली तर मला सांग की. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला चूक पुढच्या टेबलावर सरकवण्याची पद्धत काही नवी नाही, पण निदान घरात तरी ती नको, असं मला वाटायचं.

असे तीन-चार रविवार गेले. इंटरनेट चालू असलं की टेलिफोन बंद, त्यामुळे तुळसाच्या माहेरी आम्ही कुठेतरी निघून गेलो आहोत अशी बातमी पसरली. पण एका संध्याकाळी पान उभं राहिलं. वर निळ्या अक्षरात 'आपली खाडी', खाली आजच्या भरतीची वेळ. शुक्रवारी दोह्याहून फोन आला तेव्हा अक्रमने पाणी किती आलंय असं विचारलं नाही. म्हणाला, "अम्मा, आता पाणी चढत असेल ना?" मरियमभाभी मागच्या दारी जाऊन बघून आल्या. चढत होतं. त्या गडग्याशी आल्या, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. थोड्या वेळाने वाटीभर खीर आली. मला आयुष्यात बढती मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

फक्त तुळसाने एकदा पान निरखून विचारलं, "अहो, चवथीला तीन आणि पंचमीलाही तीनच? पाणी एक दिवस रजेवर होतं की काय?"

मी म्हटलं, "तो दशांश चिन्हाचा प्रश्न आहे. तुला नाही समजायचा." मलाही समजला नव्हता, पण तिने आणखी विचारू नये म्हणून एवढं पुरेसं होतं.

यानंतर अक्रमचं लग्न ठरलं. मुलगी अमरीन, खाडीतल्या बेटवाडीची. बेटवाडीला जायला लाँच लागते, आणि वाडीसमोर वाळूचा एक लांबच लांब पट्टा आहे. पूर्ण भरतीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंतच लाँच त्यावरून पार होते. अक्रमला सुट्टी जेमतेम मिळालेली. निकाहनंतर दुसऱ्या रात्री मुंबईहून विमान. पुन्हा सुट्टी दोन वर्षांनी. त्यात काझीसाहेबांना त्याच दिवशी खाडीच्या वरच्या अंगाला दुसरा निकाह होता, त्यामुळे ते बेटवाडीत तीनपर्यंतच थांबणार होते. म्हणजे वऱ्हाडाने पाणी चुकवलं की निकाह दोन वर्षं लांबला. मरियमभाभी हे रोज एकदा बोलून दाखवत आणि रोज एकदा माझ्या पानावर दिवस बघून जात.

आता त्या दिवशीची भरती किती वाजता, यावर आळीत दोन पक्ष पडले. मुसाभाई चांदावरून मोजणारे. "चांद तिसरा. तीनची पाऊणपट, सव्वादोन." सोनूबाई पंचांग उघडून बसलेल्या. "पंचमी आहे. पावणेचार." मुसाभाई म्हणाले, आमच्या बापजाद्यांनी चांदावर होड्या चालवल्या. सोनूबाई म्हणाल्या, चालवल्या असतील, पण ते चांदात दोन मिळवून मग पाऊणपट करत होते, तुम्ही मिळवलेत का? मुसाभाई म्हणाले, मिळवलेत. मग म्हणाले, बहुतेक. शेजारधर्म असा नाजूक असतो की दोघांनाही पुढे बोलवेना. शेवटी दोघं माझ्याकडे आले. "भाऊ, कंपूटर काय म्हणतो?"

कॉम्प्युटर म्हणाला, तीन.

सव्वादोन आणि पावणेचार यांच्या बरोब्बर मधे. इतका समतोल निवाडा आमच्या आळीत त्याआधी झाला नव्हता. मुसाभाई म्हणाले, "दोघांचं राखलान." सोनूबाईंनीही पंचांग मिटलं. मुसाभाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की वेळेचा सगळा मामला आत्मारामभाऊंकडे. मी नको नको म्हटलं, पण ते म्हणायचं तेवढ्याच आवाजात.

उरलासुरला संशय एका कचेरीने मिटवला. कोणत्या, ते सांगत नाही. इतकी माणसं लाँचने न्यायची तर परवानगी लागते, आणि अर्जासोबत भरतीच्या वेळेचा अधिकृत आधार. मी विचारलं, अधिकृत म्हणजे? टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, छापील. मी माझ्याच पानाची छापील प्रत जोडली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, तिच्यावर शिक्का मारला, आणि कागद चांगला दिसतोय म्हणून एक जादा प्रत मागून घेऊन भिंतीवर लावली. मी घरी आलो ते खांदे मागे टाकून. तुळसा म्हणाली, "मान आखडलीय का?"

लग्नाचा दिवस उजाडला. लाँच धोंडूची. हा खोल समुद्रात ट्रॉलरवर उमेद घालवलेला माणूस, खाडीच्या पाण्याकडे कायम जरा तुच्छतेने बघणारा. त्याने माझा शिक्क्याचा कागद इंजिनाशेजारी डकवला होता. तीनला पूर्ण भरती, म्हणजे दोनला पट्ट्यावर. आम्ही वेळेवर निघालो. अक्रम शेरवानीत, चेहऱ्यावर सेहरा, मांडीवर रुमाल. मरियमभाभी त्याच्या शेजारी. बायका गात होत्या. बिर्याणी तिकडे होती, पण वाटेत भूक लागली तर असू देत म्हणून सांदणांचे डबे आमच्याकडे. मी पुढच्या बाजूला, हातात काळी बॅग. तिच्यात काही नव्हतं. पण ज्याच्याकडे वेळेचा मामला असतो त्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं.

बेटवाडीचा धक्का दिसायला लागला. धक्क्यावर वधूपक्षाची माणसं उभी, कुणी हात हलवताहेत. मीही हलवला. आणि त्याच वेळी खालून एक लांब, मऊ आवाज आला आणि लाँच जागच्या जागी बसली.

धोंडूने इंजिन बंद केलं. आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्या कागदाकडे. "भाऊ," तो म्हणाला, "कागदावर पाणी आहे. खाली नाय."

गाणं थांबलं. आख्खं वऱ्हाड माझ्याकडे वळलं. सोनूबाईंनी चष्मा पुसला आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पावणेचार." तुळसाने फक्त चार बोटं दाखवली, मग पाच, आणि मग हात पदराखाली घेतला. त्या क्षणी मला खाडीत उडी मारावीशी वाटली, पण पाणी तेवढं नव्हतं.

"होईल पाणी," मुसाभाई म्हणाले. "चढतं आहे. वायच थांबू." माझ्याकडे न बघता म्हणाले, म्हणजे मला लाजवायचं नव्हतं. त्यामुळे मी जास्तच लाजलो.

पण थांबायला वेळ कुठे होता? पाणी चढून लाँच सुटायची, धक्क्याला लागायची, सत्तर माणसं उतरायची, पाय धुवायचे, सरबत घ्यायचं. तोवर काझीसाहेब गेलेले असणार. धक्क्यावरून कुणी तरी ओरडून विचारत होतं, "काय झालं?" धोंडू ओरडून सांगत होता, "टेकलंव!" मुसाभाईंनी विचार काढला, की छोटं होडकं मागवू आणि नवऱ्याला तेवढा पुढे पाठवू. मरियमभाभी एकदम म्हणाल्या, "नाय. होडक्यातून उतरून मांडीभर चिखलातून जायचं. माझा मुलगा वऱ्हाड सोडून, एकटा, चिखलातून सासरी नाय जायचा." त्यावर सोनूबाईही म्हणाल्या, नाही म्हणजे नाही. भरतीच्या वेळेवरून जे पक्ष पडले होते ते या मुद्द्यावर एक झाले.

अक्रमने सेहरा बाजूला केला. मला वाटलं, आता हा पोरगा मला काय बोलणार. तो आईला म्हणाला, "अम्मा, रडू नको ना." तेव्हा मला कळलं की भाभी रडताहेत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, आवाज न करता. ज्या बाईने माझ्या पानावर इतके दिवस डोळे झाकून भरवसा ठेवला, तिच्या मुलाचं लग्न मी वाळूवर आणून बसवलं होतं.

एवढ्यात धक्क्यावर गडबड दिसली. चार माणसं होडक्यात चढत होती, त्यात एक पांढरी दाढी. होडकं जवळ आलं तसं दिसलं की काझीसाहेब स्वतः आहेत. पायजमा गुडघ्यांच्या वर खोचलेला, पाय मांडीपर्यंत चिखलाने काळे, आणि निकाहनाम्याचं रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत डोक्यावर धरलेलं. मागे वकील, म्हणजे निकाहासाठी मुलीने नेमलेला प्रतिनिधी, आणि दोन साक्षीदार. आमच्याकडे निकाहाची रीत अशी की वकील आणि साक्षीदार आधी मुलीकडे जाऊन तिची कबुली घेतात, मग काझी नवऱ्याला विचारतो. ते मुलीकडून कबुली घेऊनच आले होते.

धोंडूने हात देऊन काझीसाहेबांना वर घेतलं. ते फळीवर बसले, श्वास घेतला आणि म्हणाले, "नवरा पाण्यावर अडला म्हणून निकाह अडत नाही. नवरा आहे, साक्षीदार आहेत, वकील आहे. आणखी काय पाहिजे?" मग लाँचवरून नजर फिरवून म्हणाले, "आणि इतकी स्थिर लाँच मी उभ्या जन्मात बघितली नाही."

पहिल्यांदा मुसाभाई हसले. मग सगळी लाँच हसली. ऊन चढलेलं होतं, म्हणून कुणीतरी माझ्या हातात छत्री दिली, आणि मी काझीसाहेबांच्या डोक्यावर ती धरून उभा राहिलो. माझी काळी बॅग रजिस्टर ठेवायला कामी आली. ती घेतल्याचं सार्थक झालं ते असं.

निकाहाचा खुत्बा वाचून झाला. काझीसाहेबांनी विचारलं. अक्रम म्हणाला, कबूल. पुन्हा विचारलं. कबूल. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज जरा चिरकला, आणि तो शब्द पुरा होतो न होतो तोच पायाखाली काहीतरी हललं. आधी मला वाटलं, माझेच पाय. पण छत्रीसुद्धा डुलली. धोंडू इंजिनाकडून ओरडला, "उठली! लाँच उठली!" काझीसाहेबांनी दुवेला हात वर केले होते, ते तसेच ठेवून एकदा पाण्याकडे बघितलं. खारीक आणि खडीसाखर वाटली गेली. मरियमभाभींनी पहिली खारीक मुलाला दिली, दुसरी मला.

मी घड्याळ बघितलं. पावणेतीन. आम्ही बरोब्बर पाऊण तास वाळूवर होतो. पंचमीची पाऊणपट पावणेचार, आणि माझ्या पानावर तीन. हरवलेला पाऊण तास कुठे गेला ते मला तिथेच, छत्री धरल्या हाताने समजलं.

काझीसाहेब त्याच होडक्यातून निघाले. जाताना मला म्हणाले, "भाऊ, लाँच वेळेवर लागली असती तर तुम्हा लोकांचं हातपाय धुणं आणि पानसुपारी होईतो साडेतीन वाजले असते. तुमच्यामुळे मी दुसरीकडे वेळेवर पोचतोय." ते खरं होतं की माझ्या तोंडाकडे बघून त्यांना दया आली होती, ते मी विचारलं नाही. माणूस देतो ते घ्यावं.

बेटवाडीत जेवणं चालू असताना चारच्या सुमाराला गडबड सुरू झाली, चला चला, पाणी जाईल. मी पहिल्यांदा छातीठोकपणे बोललो. "सावकाश जेवा. पावणेपाचपर्यंत काही होत नाही." मुसाभाईंनी सोनूबाईंकडे बघितलं, सोनूबाईंनी मान हलवली, आणि मरियमभाभी विहिणीजवळ जाऊन निवांत बसल्या.

घरी येऊन पुस्तक उघडलं. लिहिलेलं होतं. सेटअवर्सला तास पुरे द्यायचे. पावणेचार दिले तर ते तीन घेतं आणि पाऊण टाकून देतं, तेही न सांगता. तिथीची पाऊणपट करून ती सेटअवर्सला देणारा माणूस रत्नागिरीबाहेर कुठे असण्याची शक्यता नाही, म्हणून पुस्तकवाल्याने ते बारीक अक्षरात छापलं असावं. मी त्याच दिवशी पान काढून टाकलं. कॉम्प्युटरवर तुळसाने भरतकामाचं कापड घातलं आणि माहेरी फोन केला.

पुढच्या शुक्रवारी गडग्यापलीकडून ओरडा आला. "भाऊ, अक्रम विचारतो, पाणी कुठे गेलं?"

मी म्हटलं, "भाभी, ते चुकत होतं. तुम्हीच बघितलंत."

मरियमभाभी फोन तसाच ठेवून, सांदणांची ताटली घेऊन आमच्या ओटीवर आल्या. "चुकलं तर पुढे सरकवायचं," त्या म्हणाल्या. "पाणी काय, पाऊण तासाने आलंच ना? पान लावा परत. पोरगा तिकडे पाण्याशिवाय बसलाय."

मग मी तास सोडून दिले आणि मिनिटं धरली. तिथी गुणिले पंचेचाळीस. पंचमीची सव्वादोनशे मिनिटं मी भीत भीत त्या तारखेच्या वस्तूला दिली. साठाच्या वर मिनिटं असतात का कधी? पण ती काही बोलली नाही. साठ-साठ उचलून तासांच्या ओटीत घातली, उरली ती जागच्या जागी ठेवली, आणि तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं दाखवली. ज्या खोडीचा मला संताप यायचा ती हीच. जास्तीचं झालं ते पुढच्याने सांभाळून घ्यायचं, आणि मागच्याला लाजवायचं नाही. मुसाभाईंनी, धोंडूने, चिखलातून आलेल्या काझीसाहेबांनी त्या दिवशी दुसरं काय केलं होतं? मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे, आणि त्या वस्तूचाही.

पान परत लागल्यावर मरियमभाभी बघायला आल्या. मी दुरुस्ती दाखवली. त्यांनी मागे मागे जायला सांगितलं, निकाहाच्या दिवसापर्यंत. तिथे आता पावणेचार होते. ते बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या एका दिवसाचं राहू दे. त्या दिवशी तीनच होते."

क्लासातल्या सरांनी हे बघितलं असतं तर माझी फी परत केली असती. पण मी प्रोग्राममध्ये एक अट घातली. तारीख ती असेल तर गणित करू नये, तीन दाखवावेत.

दरवर्षी त्या तारखेला दोह्याहून अक्रमचा फोन येतो. आता अमरीनही तिकडेच असते. तो आधी आईशी बोलतो, मग मला गडग्याशी बोलावतात आणि फोन माझ्या हातात देतात.

"काका, तुमच्या पानावर लग्नाच्या दिवशी अजून तीनच दिसतंय."

"बरोबर आहे ते," मी म्हणतो.